सीमेवरचे डोंगर का पेटले, आणि त्यातून आपण काय घ्यायचं

(भाट्ये, जि. रत्नागिरी येथील अभ्यास शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेली मांडणी. बोलताना आले ते शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. वाडीवर, पाड्यावर बैठक घेऊन वाचून दाखवावे.)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपण सुरूच्या बनात बसलो होतो. तेव्हा एका तरुण साथीनं प्रश्न टाकला. तो म्हणाला, "नागा लोकांनी बंदूक उचलली, त्यांना राज्य मिळालं. मिझोंनी उचलली, त्यांनाही मिळालं. आपण वीस वर्षं अर्ज लिहितो, मोर्चे काढतो. आपल्याला काय मिळालं? सात-बारावर नाव तरी लागलं का?" सगळे गप्प झाले. आम्ही पण गप्प झालो. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. गेल्या पावसात आमच्या एका वाडीवर उभ्या नाचणीत रोपवनाचे खड्डे खणले. अर्ज घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "जमीन तुमची कुठाय? कागद दाखवा." वर म्हणाले, "जास्त बोललात तर नक्षलवादी म्हणून आत टाकीन." तेव्हा तरुणांचं रक्त तापतं, हे आम्हाला समजतं.

म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्ही या प्रश्नावर बोलणार आहोत. आमच्यापैकी कुणी तिकडे राहून आलेलं नाही. वाचलेलं, ऐकलेलं, आपसात चर्चा केलेलं सांगतो. "ते देशद्रोही" म्हणून विषय संपवायचा नाही, आणि "ते शूर" म्हणून टाळ्याही वाजवायच्या नाहीत. झालं काय ते नीट बघायचं.

सुरुवात इथूनच करू

खाडीच्या पलीकडे, रत्नागिरीच्या त्या उंचवट्यावर थिबा राजाचा राजवाडा आहे. आपल्यातले बरेच जण परवा येताना तिथून आले. हा राजा ब्रह्मदेशचा. इंग्रजांनी त्याला १८८६ साली कैद करून इथं आणलं. हा राजवाडा बांधून झाला १९१० साली, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा इथंच वारला. तीस वर्षं त्यानं हा समुद्र बघितला, देश परत दिसला नाही.

त्याचं राज्य गेलं कशावरून? सागावरून. मुंबईत १८६३ साली उभी राहिलेली एक इंग्रज कंपनी होती, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. ती राजाच्या जंगलातून साग तोडायची. ओंडके जास्त नेले आणि कमी दाखवले, असं म्हणून राजाच्या दरबारानं १८८५ साली तिला मोठा दंड केला. तुमच्या-आमच्या भाषेत सांगायचं तर राजानं ठेकेदाराला चोरतोडीत पकडला. मग इंग्रज सरकार कंपनीच्या बाजूनं उभं राहिलं. फ्रेंच तिथं शिरतील ही भीती त्यांना होतीच, पण निमित्त सागाचं झालं. नोव्हेंबरात फौज गेली आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेशचा राहिलेला भाग इंग्रजी राज्याला जोडला.

आता पुढचं ऐका. राजधानी दोन आठवड्यांत पडली, पण डोंगर पडले नाहीत. चिन, काचिन, शान, लुशाई म्हणजे आजचे मिझो, आणि नागा, या डोंगरात फौजा पाठवून माणसं वाकवायला इंग्रजांना कितीतरी वर्षं लागली. हे लोक मंडालेच्या राजाचीही पुरी रयत नव्हते आणि दिल्लीच्या बादशहाचीही नव्हते. गाव आपला, डोंगर गावाचा, शेत फिरतं. एका डोंगरावर जंगल तोडून, जाळून धान पेरायचं, मग तो डोंगर काही वर्षं सोडून द्यायचा. तिकडे त्याला झूम म्हणतात. आपल्याकडे कुमरी म्हणत. आपला राबही त्यातलाच धाकटा भाऊ.

आपला जंगल कायदाही तिकडून फिरून आलेला आहे. ब्रँडिस नावाचा साहेब आधी ब्रह्मदेशात पेगूच्या सागावर नेमला होता. १८६४ साली तो सगळ्या हिंदुस्थानच्या जंगलाचा मुख्य झाला. तिथल्या करेण लोकांना खात्यानं सांगितलं की तुमच्या डोंगरशेतात धानाबरोबर सागाची रोपं लावा, दोन-तीन वर्षं पिकवा, रोपं सांभाळा आणि मग पुढे सरका. माणसानं मेहनत केली, झाड आणि जमीन खात्याची झाली. या पद्धतीला टाँग्या म्हणतात. ठाण्या-कुलाब्याकडच्या म्हाताऱ्यांना हे काय नवीन सांगायला नको.

रेघ कुणी मारली?

इंग्रजांनी नकाशावर रेघा मारल्या. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा केला. नागांचे काही गाव रेघेच्या इकडे, काही तिकडे. मिझो इकडे, त्यांचेच भाऊबंद चिन तिकडे. स्वातंत्र्यानंतर १९६७ साली भारत आणि ब्रह्मदेश सरकारांनी करार करून तीच सीमा पक्की केली. मेंढराच्या अंगावर गेरूची रेघ मारतात तशी. मेंढराला कुणी विचारत नाही.

नागांनी १९२९ साली सायमन कमिशनला लेखी दिलं होतं की तुम्ही जाताना आम्हाला दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देऊ नका, आधी होतो तसं सोडा. म्हणजे आधी अर्जच होता. पुढे नागा नॅशनल कौन्सिल झाली, फिझो तिचे पुढारी झाले. १४ ऑगस्ट १९४७ ला त्यांनी आपण स्वतंत्र असल्याचं जाहीर केलं. १९५१ साली गावोगाव अंगठे घेऊन सार्वमत केलं. १९५३ च्या मार्चमध्ये पंडित नेहरू आणि ब्रह्मदेशचे पंतप्रधान ऊ नू हे दोघे कोहिमाला आले. लोक हजारोंनी जमले. त्यांना निवेदन वाचायचं होतं. अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. मग लोक सभेतून उठून चालू लागले. दोन देशांचे पंतप्रधान समोर आणि मैदान रिकामं. तिथं बंदूक नव्हती, फक्त एक कागद होता. तो ऐकून घेतला असता तर काय झालं असतं, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण तीन वर्षांनी, १९५६ साली, तिथं फौज उतरली होती.

मिझोंचं तर आणखी सरळ आहे. आपल्या डोंगरात कळक फुलला की म्हातारी माणसं काळजी करतात. मिझोंच्या डोंगरात एका जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. त्याचं बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग उभं धान फस्त करतात. त्याला ते माउताम म्हणतात. म्हाताऱ्यांना हे माहीत होतं. १९५८ च्या ऑक्टोबरात त्यांच्या जिल्हा परिषदेनं आसाम सरकारकडे ठराव पाठवला की दुष्काळ येतोय, पंधरा लाख रुपये द्या, तयारी करतो. सरकारला वाटलं ही आदिवासींची अंधश्रद्धा. १९५९ ला दुष्काळ आला. माणसं कंदमुळांवर जगली. गावोगाव धान्य पोचवायला पोरांनी एक संघटना काढली. तिचं नावच दुष्काळ आघाडी. लालडेंगा तिचे पुढारी. १९६१ ला तिच्या नावातला दुष्काळ गेला आणि मिझो नॅशनल फ्रंट झाली. १९६६ च्या मार्चमध्ये तिनं स्वातंत्र्य पुकारलं. पंधरा लाखाचा अर्ज फेटाळला, त्याची किंमत पुढची वीस वर्षं चालू राहिली.

साथींनो, हे लक्षात ठेवा. सुरुवात बंदुकीनं झाली नाही. सुरुवात न ऐकलेल्या अर्जानं झाली.

बंदूक आल्यावर गावाचं काय झालं?

आता काल विचारलेल्या प्रश्नाची दुसरी बाजू. राज्य मिळालं हे खरं. पण मधल्या काळात गावानं काय दिलं?

१९५८ साली सरकारनं सशस्त्र दलांना खास अधिकार देणारा कायदा केला. १९४२ ची 'चले जाव' चळवळ मोडायला इंग्रजांनी जो वटहुकूम काढला होता त्याच धर्तीवर. या कायद्यानं हवालदारसुद्धा संशयावरून गोळी घालू शकतो, वॉरंटशिवाय घरात शिरू शकतो, आणि केंद्र सरकारनं परवानगी दिल्याशिवाय त्याच्यावर खटला चालत नाही. पुढची तीस वर्षं तरी कायदा होता तिथंच राहिला.

मार्च १९६६ ला ऐजॉल गावावर आपल्याच देशाच्या विमानांनी मारा केला. पुढच्या वर्षापासून गावं उठवायला सुरुवात झाली. सडकेच्या कडेला कुंपणाची केंद्रं केली आणि पाचशेहून जास्त गावं उठवून शंभर-सव्वाशे केंद्रांत कोंबली. जुनी घरं, धानाची कोठारं जाळली, म्हणजे बंडखोरांना काही मिळू नये. सकाळी मोजून बाहेर, संध्याकाळी मोजून आत. झूमचा डोंगर दिवसभराच्या चालीवर राहिला, मग शेती कुठली? माणसं शिध्यावर आणि सडकेच्या मजुरीवर आली. याला नाव काय दिलं? संरक्षित आणि प्रगतिशील गाव!

ब्रह्मदेशात हेच झालं, जास्तच झालं. १९४७ च्या फेब्रुवारीत पांगलाँगला आँग सान यांनी शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांबरोबर करार केला की डोंगराचा कारभार डोंगरवाले बघतील. जुलैत आँग सान यांचा खून झाला. करारातला शब्द मागे पडत गेला. १९४९ ला करेण उठले, १९६१ ला काचिन. १९६२ ला जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि सगळंच लष्कराच्या हातात गेलं. त्या लष्कराचं एक धोरण आहे, चार तोड. बंडखोरांचं अन्न तोडा, पैसा तोडा, खबर तोडा, भरती तोडा. अन्न गावात पिकतं, भरती गावातून होते. म्हणजे तोडायचा असतो गावच. १९८८ च्या ऑगस्टमध्ये रंगूनला विद्यार्थी रस्त्यावर आले, सप्टेंबरात लष्करानं गोळ्या घातल्या, आणि मग ती शहरातली पोरं करेण लोकांच्या जंगलात आसऱ्याला गेली. इतकी वर्षं झाली, डोंगर अजून शांत नाही.

आणि फक्त सरकारनंच मारलं असं नाही. हे पण सांगितलं पाहिजे. नागांमधले साखरी हे फिझोंचे जुने सोबती. वाटाघाटी करू म्हणाले, १९५६ ला त्यांचा खून झाला. वाटाघाटी करणाऱ्या नागा परिषदेचे अध्यक्ष डॉ. इमकाँगलिबा आओ यांना १९६१ ला मारलं. बंडखोरांचा कर गावानंच भरायचा, त्यांना जेवण गावानंच घालायचं. रात्री हे, दिवसा ते. १९७५ ला शिलाँगला करार झाला, तो मोजक्या माणसांच्या सहीनं. बाकीच्यांनी मानला नाही, त्यातून १९८० ला नवी संघटना निघाली. १९८८ ला तिच्यातही फूट पडून नागांनी नागांनाच मारलं. बंदूक एकदा घरात आली की ती फक्त बाहेरच्याकडे बघत नाही.

शेवटी कागदावर काय आलं?

आता नीट ऐका, कारण यातच आपल्या कामाचं आहे. इतकं रक्त सांडून शेवटी करारात काय लिहिलं?

नागालँड १९६३ ला राज्य झालं, तेव्हा घटनेत कलम ३७१-अ आलं. जमीन आणि जमिनीतली साधनसंपत्ती, तिची मालकी आणि हस्तांतर, याबद्दल दिल्लीच्या संसदेचा कायदा नागालँडच्या विधानसभेनं ठराव केल्याशिवाय तिथं लागू होत नाही. मिझोंचा करार ३० जून १९८६ ला झाला, १९८७ च्या २० फेब्रुवारीला राज्य झालं, कालचा बंडखोर मुख्यमंत्री झाला. त्यांच्यासाठी कलम ३७१-जी. त्यातही जमिनीची मालकी आणि हस्तांतर आलं. त्रिपुरात १९८८ च्या ऑगस्टात आदिवासी बंडखोरांशी करार झाला. त्यातही आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचं कलम आहे.

त्रिपुराचं थोडं सांगतो, ते आपल्या फार जवळचं आहे. तिथले आदिवासी फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांमुळे आपल्याच मुलखात थोडे झाले. जमिनी गेल्या. डुंबूरला गोमती नदीवर धरण झालं, सुपीक खोरं बुडालं. भरपाई कुणाला? ज्याच्याकडे जमिनीचा कागद त्याला. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या कसली पण कागद नव्हता, ते नुसतेच डोंगरावर गेले. तिथून पोरं जंगलात गेली.

म्हणजे झेंड्यावर काहीही लिहिलेलं असो, आत प्रश्न एकच होता. जमिनीबद्दल, जंगलाबद्दल निर्णय कोण घेणार? गाव की बाहेरचा साहेब?

मग काल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काय?

खोटं बोलायचं नाही. बंदूक उचलल्यावर दिल्लीनं ऐकलं, हे खरं आहे. त्याची लाज तरुणांना नाही, दिल्लीला वाटली पाहिजे. पण तीन गोष्टी सांगतो.

एक. त्याच डोंगरात खासी, गारो आणि जैंतिया लोकांनी बंदुकीशिवाय राज्य मिळवलं. १९६० पासून डोंगरी पुढाऱ्यांनी सर्वपक्षीय परिषद काढली, सभा, बहिष्कार, राजीनामे केले, आणि २१ जानेवारी १९७२ ला मेघालय झालं. त्यांचं गाव उठलं नाही, कोठारं जळली नाहीत. बंदुकीची गोष्ट पोवाड्यासारखी पसरते, मेघालयची कुणी सांगत नाही. ती तुम्ही सांगा.

दोन. त्या लोकांची मागणी वेगळ्या देशाची होती, आपली नाही. आपण महाराष्ट्राच्या मधोमध राहतो, भाषा मराठी, शेजारी कुणबी, गवळी, बौद्ध, मुसलमान दालदी. वेगळं होऊन कुठं जाणार? आपल्याला घटनेबाहेर जायचं नाही, घटना आपल्या वाडीपर्यंत आणायची आहे. ठाणे, नाशिक, धुळ्यापासून गडचिरोलीपर्यंत पाचव्या अनुसूचीचं क्षेत्र आहे. १९८५ च्या डिसेंबरात त्याचा नवा आदेश निघाला. त्यात रायगड नाही, रत्नागिरी नाही. कातकरी इथला काय आदिवासी नाही? रेघ फक्त ब्रह्मदेशच्या सीमेवरच मारली जाते असं नाही.

तीन. जमीन आमचीच, असं म्हणताना दुसरा गरीब आपला वैरी होतो का, हे बघावं लागतं. त्रिपुरात १९८० ला मंडाईत आदिवासींच्या हातून बंगाली गरीब मारले गेले. आसामात १९८३ ला नेलीला जे झालं त्यात जमीन गेलेले आदिवासीही मारणाऱ्यांत होते, आणि मेले ते गरीब मुसलमान शेतकरी. जमीन सावकारानं, कायद्यानं, सरकारनं घेतली, आणि कुऱ्हाड पडली शेजाऱ्यावर. आपल्यात ठाकर-कातकरी, कातकरी-कुणबी असं लावून देणारे आहेतच. दळीच्या एका तुकड्यावरून आपण कोर्टात एकमेकांसमोर उभे राहिलो तर वरचा हसतो.

वाडीवर गेल्यावर करायची कामं

नुसतं ऐकून जायचं नाही. चार कामं ठरवली आहेत.

१) वाडीची वही घाला. कुणाचा प्लॉट कुठं, किती साली काढला, हद्दीला कुठलं झाड, कुठला ओहोळ, शेजारी कोण. बाईचं नाव पण लिहायचं, ती पण कसते. डुंबूरच्या लोकांकडे वही असती तर निदान भांडता आलं असतं.

२) दंडाच्या पावत्या फाडू नका, चुलीत घालू नका. फॉरेस्टनं जंगलात नांगरलं म्हणून दंड केला, म्हणजे त्या साली तुम्ही तिथं कसत होता हे त्यांनीच लिहून दिलं. सरकारनं ३१ मार्च १९७८ पर्यंतची शेती नियमित करायचं ठरवलं होतं. तेव्हा जुन्यातली जुनी पावती सोन्यासारखी. दळीचे, एकसालीचे कागदही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा.

३) कुठलीही बोलणी, कुठलीही सही वाडीच्या सभेत वाचल्याशिवाय नाही. तालुक्याला गेलेला साथी कितीही हुशार असो, आम्ही असू तरी. शिलाँगला जे झालं ते आपल्यात नको. चार माणसांनी केलेला करार चारच माणसं मानतात.

४) कुणी नक्षलवादी म्हणालं, फुटीर म्हणालं तर गप्प बसू नका आणि भडकू पण नका. दहा जण मिळून जा, अर्जाची पोच घ्या, तारीख घाला. पोच नसलेला अर्ज म्हणजे नुसता कागद. आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा जा, अजून जास्त जणांनी जा. कोहिमाला लोक मैदानातून उठून गेले. आपण कचेरीतून उठायचं नाही.

काल प्रश्न विचारणाऱ्या साथीला आम्ही एवढंच म्हणतो, तुझा राग बरोबर आहे. तो विझवायला आम्ही बोललो नाही. तो राग घेऊन पहिली वही तुझ्या वाडीची तू लिही. पुढच्या शिबिराला येताना ती घेऊन ये, सगळ्यांसमोर वाच.

जंगल, जमीन कसणाऱ्यांची!
जिंदाबाद!